आत्याच्या गल्लीत लावलेली गाडी

माझ्या आत्याचं घर बेगम बाजारात आहे. खाली सुकामेव्याची आणि भांड्यांची घाऊक दुकानं, वर जुनी माडी. निजाम अली खान यांच्या बेगमेने व्यापाऱ्यांना ही जागा दिली म्हणून हे नाव, असं आत्या प्रत्येक पाहुण्याला सांगते. पाहुण्याच्या डोक्यात मात्र एकच प्रश्न असतो, गाडी कुठे लावू?

आम्ही मियापूरला राहतो. गेल्या दिवाळीत दोन रात्री आत्याकडे राहायला गेलो आणि गाडी खालच्या दुकानाला लागून लावली. तिथला पोरगा, असेल एकोणीस-वीस वर्षांचा, धावत आला. "साब, यां नक्को लगाओ." आपल्या 'नको'चा हा हैदराबादी भाऊ. मी म्हणालो, रस्ता काय तुमच्या शेठचा आहे? तो पुढे काही सांगू पाहत होता, मी ऐकून घेतलं नाही. जाताना म्हणाला, "बाद में मेरेकू नक्को बोलना." मला ती सरळ धमकी वाटली.

तिसऱ्या दिवशी सकाळी गाडी सुरू केली तर इंजिन थरथरतंय, इंजिनाचा पिवळा दिवा लागलेला. बॉनेट उघडलं. एक वायर तुटून लोंबत होती.

मग मी जे केलं ते लिहायला आजही जीवावर येतं. दुकानात गेलो आणि सगळ्यांसमोर त्या पोरावर ओरडलो. वायर कापलीस, पोलिसांत देईन. तो गप्प. शेठने त्याच्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्याचा अर्थ तेव्हा मी लावलाच नाही.

मेकॅनिक आला. त्याने वायरचं टोक माझ्यासमोर धरलं. ब्लेडने कापली की कडा सरळ येते. इथे प्लास्टिक कुरतडलेलं, आतली तांब्याची तार उघडी, आजूबाजूला बारीक दातांच्या खुणा. बॅटरीखाली काजूचे तुकडे, गोणपाटाचे धागे आणि लेंड्या. उंदरांचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात, म्हणून त्यांना सतत काहीतरी कुरतडावं लागतं. त्यात शेजारी खाऊचं गोदाम आणि रात्री इंजिनाची ऊब. अशी जागा कोण सोडेल? (तुमच्याही बाबतीत असं झालं तर गाडी तशीच पळवू नका. उघड्या तारा एकमेकींना चिकटल्या तर शॉर्टसर्किट होतं. आणि कोणावर ओरडण्याआधी टोक बघा.)

पोरगा हळूच म्हणाला, "मैं वोईच बोल रा था साब, यां चूहे भौत हैं."

मी त्याला बाजूला घेऊन हळू आवाजात सॉरी म्हणालो. वर आलो तर आत्या दारातच उभी. "ओरडलास तेव्हा चार दुकानं ऐकत होती. माफी मात्र कानात मागितलीस होय रे?"

पुन्हा खाली गेलो. शेठ खरंच त्याचा हिशेब करायला बसले होते, दिवाळीच्या तोंडावर. या वेळी सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललो, आधी शेठना, मग त्याला. शेठनी वही मिटली. पोरगा काहीच बोलला नाही, आणि त्याने का बोलावं?

यंदा गाडी घरीच ठेवली, मेट्रो आणि पुढे रिक्षाने गेलो. तो दुकानातच होता. मी हात केला. त्याने मान हलवली आणि बदामाच्या गोणीकडे वळला.