नोंदवहीत गवळाऊ लिहा भाऊ!

जनावरं असणाऱ्यांनो, पोस्ट जरा लांब आहे, पण शेवटपर्यंत वाचा.

नवी प्रजाती सापडली, डुकराची किडनी माणसाला बसवली, अशा बातम्या मोबाईलवर येतात. आपण "बापरे" म्हणतो अन् पुढं सरकतो. हिंगणीचा त्याच्याशी काय संबंध? मले तर वाटते, सरळ संबंध आहे. तो आहे नोंदीचा.

आधी रानपिंगळ्याचं ऐका. या छोट्या घुबडाचा शेवटचा खरा नमुना १८८४ चा. त्यानंतर एक नमुना १९१४ चा, गुजरातचा, म्हणून संग्रहालयात होता. लोक त्या भरवशावर शोधत राहिले. पुढं पामेला रासमुसेन या संशोधक बाईंनी सिद्ध केलं की मायनर्ट्झहागन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं जुनाच नमुना चोरून त्यावर खोटी चिठ्ठी लावली होती. खोटी नोंद बाजूला सारून त्या जुन्या खऱ्या ठिकाणांकडं वळल्या आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ पक्षी दिसला. ११३ वर्षांनी! नंतर आपल्या मेळघाटातही सापडला.

आता किडनी. मार्च २०२४ मध्ये बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये ६२ वर्षांच्या रुग्णाला डुकराची किडनी बसवली. त्या डुकराच्या जनुकांत ६९ बदल केलेले होते. रुग्ण साधारण दोन महिन्यांनी गेला. किडनीमुळं गेल्याची खूण नाही, असं हॉस्पिटलनं सांगितलं. ऑपरेशन डॉक्टरनं केलं, पण काम सुरू झालं ते डुकरांच्या वाड्यात. कोणतं जनावर, कोणत्या वंशाचं, हे पक्कं माहीत असल्याशिवाय असला अवयव माणसात बसवताच येत नाही.

आता आपल्या गोठ्यात या. ऑक्टोबर २०२४ मध्ये २१ वी पशुगणना सुरू झाली. यावेळी जातवार नोंद होती, अन् भटक्या पशुपालकांची वेगळी माहिती पहिल्यांदाच घेतली. आपल्या भागात एका गोठ्यात मी उभा होतो. पांढरी गाय, निमुळतं लांब तोंड, हलकं अंग. गणनेवाल्यानं विचारलं, "जात?" मालक म्हणाले, "लिहा ना गावठी!" झालं. ती गाय अस्सल गवळाऊ होती, कागदावर मात्र बिनजातीची झाली.

गवळाऊ ही आपल्या वर्धा जिल्ह्याची ओळख. मराठ्यांच्या फौजेत गाडे वेगानं ओढायला हीच बैलं होती, असं म्हणतात. कारंजा तालुक्यात हेटीकुंडीला तिच्या पैदाशीचं सरकारी केंद्र आहे. पण दूध कमी म्हणून जर्सी, होल्स्टीनचं रेतन वाढलं. ट्रॅक्टर आला, बैल गेला. बोर १९७० ला अभयारण्य झालं, २०१४ ला व्याघ्र प्रकल्प. वाघ पाहिजेच, त्यावर वाद नाही. पण चराई बंद झाल्यावर नंद गवळ्यांनी कळप न्यायचा कुठं, याचं उत्तर कोणीतरी द्यायला पाहिजे ना? ते मागायचं तर आधी आकडा लागते. कागदावर गवळाऊ कमी दिसली तर वळू, रेतनाच्या कांड्या, चराईची जागा, काहीच मागता येणार नाही.

गडचिरोलीकडची कठाणी गाय आणि वऱ्हाडातली पूर्णाथडी म्हैस यांना २०२३ मध्ये जात म्हणून मान्यता मिळाली. जनावरं पिढ्यान्‌पिढ्या होतीच, कागदावर आता आली. आपली तर आधीपासून कागदावर आहे, ती पुसू द्यायची का?

म्हणून तीन कामं. जनावराच्या कानातल्या बिल्ल्याचा १२ आकडी नंबर सांगून दवाखान्यात विचारा, जात काय लिहिली आहे. चुकली असेल तर दुरुस्त करा म्हणा. अन् गाय माजावर आली की रेतन करणाऱ्याला आधी विचारा, "गवळाऊची कांडी आहे का?" नाही म्हणाला तर पुन्हा विचारा. दहा गोठ्यांतून मागणी गेली तर आणावीच लागेल.

तुमच्याकडं गवळाऊ आहे का? कमेंटमध्ये गाव आणि किती जनावरं ते लिहा. आपली मोजणी आपणच सुरू करू.