हाउक्वाच्या खोऱ्यातली सांबरं

सोमवार, मॅन्सफिल्ड

मेलबर्नला भाच्याच्या परसातल्या कुंपणावर सकाळीच साळुंक्यांचा कलकलाट सुरू झाला. पिवळ्या चोचीच्या, अगदी आपल्याच साळुंक्या. १८६२ साली त्यांना इथे मुद्दाम आणलं गेलं, भाजीच्या मळ्यांतले किडे खातील या आशेवर. त्याच्या आदल्या वर्षी या शहरात ॲक्लिमटायझेशन सोसायटी स्थापन झाली होती. परमुलखातले प्राणी, पक्षी, मासे, झाडं आणून या मातीत रुजवायची, हेच तिचं काम. लायरबर्ड, वॉम्बॅट आणि कांगारूंनी भरलेलं जंगल त्या मंडळींना ओकंबोकं वाटत होतं, यावर आज विश्वास बसत नाही. त्याच दशकात भारतातून आणि श्रीलंकेतून सांबरं आली आणि मेलबर्नच्या आसपासच्या रानांत सोडली गेली. त्यांचे वंशज आता व्हिक्टोरिया राज्याच्या पूर्वेकडच्या सगळ्या डोंगरांत पसरले आहेत.

मी आले आहे ती या सांबरांसाठी. ताडोबात, मेळघाटात वाघ ज्याच्यावर जगतो ते जनावर वाघ नसलेल्या मुलखात कसं राहतं आणि त्याची शिकार करणारी माणसं कशी आहेत, हे मला स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं आहे. बंदूक मी हातात घेणार नाही, हे यजमानांना आधीच कळवलं होतं. त्यांनी ते सहज मान्य केलं.

मेलबर्नहून मॅन्सफिल्ड साधारण एकशेऐंशी किलोमीटर. वाटेत येआ, मग आयल्डनच्या जलाशयावरचा बॉनी डूनचा पूल. गावाच्या मधोमध तीन पोलिसांचं स्मारक उभं आहे. नेड केली या दरोडेखोराच्या टोळीने १८७८ साली जवळच्या स्ट्रिंगीबार्क क्रीकपाशी मारलेले ते तिघे.

यजमान व्यवसायाने सुतार. भाच्याचं घर त्यांनी बांधलं, तेव्हापासूनची ही ओळख. साठीच्या अलीकडचे, बोलायला सावकाश. त्यांनी आधी चहा दिला आणि मग बंदुकीचं कपाट दाखवलं. जमिनीला बोल्टने जखडलेलं पोलादी कपाट, काडतुसं वेगळ्या कुलपात. १९९६ साली टास्मानियात पोर्ट आर्थरला एका माणसाने पस्तीस जणांना गोळ्या घालून मारलं. त्यानंतर या देशाने बंदुकीचे कायदे मुळापासून बदलले. आपोआप भरणाऱ्या रायफली सामान्य माणसाकडून काढून घेतल्या, आणि बंदूक कशासाठी हवी याचं खरं कारण दाखवल्याशिवाय आता परवाना मिळत नाही. यजमानांची रायफल बोल्ट ॲक्शनची, प्रत्येक गोळीमागे हाताने खटका ओढायची. सांबरासाठी किमान किती जाडीची आणि किती वजनाची गोळी लागते हेही कायद्यात लिहिलेलं आहे, कारण हलक्या गोळीने एवढं मोठं जनावर नुसतं जखमी होऊन झाडीत जातं. शिकारीचा परवाना वेगळा काढावा लागतो. रात्री शिकार नाही: सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून सूर्यास्ताच्या अर्धा तास नंतरपर्यंत, एवढीच मुभा.

"कायदा पाळायला मला जड जात नाही," यजमान म्हणाले. "इथे माझी नातवंडंही फिरतात."

मंगळवार, हाउक्वा नदी

यजमान, भाचा आणि मी, तिघांनी नदीकाठी तंबू टाकला. पाणी इतकं निर्मळ की तळातले गोटे मोजावेत. थंडी मात्र हाडांत शिरणारी. वरचे कच्चे रस्ते हिवाळ्यात फाटक लावून बंद करतात. कुठे शिकार चालते आणि कुठे नाही, हे जागेगणिक बदलतं, म्हणून यजमान नकाशा सतत उघडा ठेवतात.

दुपारी नुसत्या खुणा वाचत हिंडलो. या कामात मला भाषा लागली नाही. लेंड्या, खुरांचे ठसे, ओढ्याकडे उतरणारी जनावरांची वाट, सगळं ओळखीचं. एका वाकलेल्या फांदीखाली माती उकरलेली होती आणि वरची पानं तोडलेली. नर सांबर मागच्या पायांवर उभा राहून फांदीला शिंगं आणि तोंड घासतो, आपला वास तिथे ठेवून जातो. कान्ह्यात हे मी पाहिलं आहे. पण तिथे ते सागाचं, सालाचं रान. इथे निलगिरीची सरळसोट खोडं, खाली माणसापेक्षा उंच नेचे, आणि ब्लॅकबेरीची काटेरी जाळी. तीही बाहेरूनच आणलेली.

मग यजमानांनी दाखवलं ते पाहून मी गप्प झाले. एका कोवळ्या झाडाची साल शिंगं घासून पूर्ण गोलाकार सोलून निघाली होती. ते झाड मेलं होतं. त्याच्या शेजारचंही. थोडं वर एक झरा होता, त्याच्या तोंडाशी चिखलाचा मोठा खड्डा. सांबर त्यात लोळतं. आपल्याकडेही लोळतं, पण आपल्या मातीला हत्ती, गवे, रानडुकरं यांच्या पायांची सवय आहे. ऑस्ट्रेलियात खुराचा एकही मूळ प्राणी नाही. कांगारू असो की वॉम्बॅट, सगळ्यांचे पंजे मऊ. अशा जमिनीवर अडीचशे-तीनशे किलोचं जनावर टोकदार खुरांवर उभं राहतं. डोंगरमाथ्यावर स्फॅग्नम शेवाळाच्या दलदली आहेत. त्या बर्फाचं पाणी धरून ठेवतात आणि उन्हाळ्यात थोडं थोडं नद्यांना सोडतात. अशी एखादी दलदल तुडवली गेली की भरून यायला माणसाचं आयुष्य पुरत नाही.

त्यात वणवे. २००३, २००६-०७, २०१९-२० असे लागोपाठ मोठे वणवे या डोंगरांनी सोसले. जळलेल्या रानात कोंब फुटतात तेव्हा सांबरं तिथे उतरतात आणि ते कोंबच खातात. व्हिक्टोरियाच्या वनस्पती-प्राणी संरक्षण कायद्याच्या यादीत सांबरामुळे होणारा मूळ वनस्पतींचा ऱ्हास हा धोका म्हणून नोंदलेला आहे. त्याच राज्याच्या १९७५ च्या वन्यजीव कायद्यात मात्र सांबर संरक्षित शिकारप्राणी आहे. खाजगी जमिनीवर शेतकऱ्याला ते मारायची मोकळीक आहे, सरकारी जंगलात परवाना हवा. एकाच जनावराला दोन कायदे दोन नजरांनी पाहतात.

बुधवार

पहाटे अंधारात निघालो. थंड हवा पहाटे उतारावरून खाली वाहते, म्हणून आम्ही खालून वर चढत होतो. ऊन तापलं की हवा वर चढू लागते. त्याआधी माणसाने जनावराच्या वर पोचायला हवं. सांबराचं नाक आणि कान यांच्यापुढे माणसाचं काही चालत नाही, वाराच काय तो आपल्या बाजूला ठेवता येतो.

बसलो ते उत्तरेकडे तोंड असलेल्या उतारासमोर. दक्षिण गोलार्धात हिवाळ्याचं ऊन उत्तरेच्या अंगाला पडतं, आणि रात्रभर गारठलेली सांबरं अंग शेकायला तिथेच येतात. यजमान दुर्बिणीने तो उतार वीतवीत तपासत होते. पूर्ण जनावर शोधायचं नाही, कान शोधायचा, पायाची आडवी रेष शोधायची, असं ते भाच्याला सांगत होते.

खाली कुठेतरी एक लायरबर्ड गात होता. एकापाठोपाठ एक दुसऱ्या पक्ष्यांच्या हाका, इतक्या हुबेहूब की भाचा प्रत्येक वेळी मान वळवायचा.

"मावशी, डावीकडे. वाळलेल्या ओंडक्याच्या वर," भाचा कुजबुजला.

मादी होती. मागे पाडस. करडा-तपकिरी अंगरखा, गोल मोठे कान, नाकाची ओली चमक. हजारो मैलांवर आपल्या जंगलातलं जनावर उभं होतं आणि त्याच्या चेहऱ्यावर तोच सावधपणा. यजमानांनी रायफलीला हात लावला नाही. सांबरांची वीण वर्षभर चालते, त्यामुळे अंगावर पिणारं पिल्लू कधीही सोबत असू शकतं. ते ओळखल्याशिवाय मादीवर नेम धरायचा नाही, हा त्यांचा स्वतःचा नियम आहे, कायद्याचा नव्हे.

मग वारा फिरला. मादीने मान वर केली, पुढचा पाय आपटला आणि 'पोंक' असा आवाज दरीभर घुमला. हा आवाज पाणवठ्यावरच्या मचाणावर ऐकला की आमचे वनरक्षक एकदम ताठ बसतात, कारण जवळपास वाघ असतो. इथे त्या हाकेचा अर्थ आम्ही होतो.

गुरुवार

आज सांबर पडलं.

त्याच उताराच्या पलीकडे, थोड्या उंचीवर, उजाडल्यानंतर तासाभराने. तरणी मादी, एकटी. यजमानांनी तिला किती वेळ पाहिलं! आजूबाजूला पिल्लू नाही, मागे मातीचा उतार आहे, गोळी चुकली तरी मातीत जाईल, हे सगळं पाहून झाल्यावर पाठीवरची पिशवी खडकावर ठेवून तिच्यावर रायफल टेकवली. अंतर दीडशे मीटरच्या आसपास. एकच आवाज. मादी तीस-चाळीस पावलं धावली आणि नेच्यांत दिसेनाशी झाली. आम्ही लगेच उठलो नाही. यजमानांनी आम्हाला बसवून ठेवलं, कारण लगेच मागे गेलं तर जखमी जनावर उरल्या ताकदीने दूर पळतं. मग हळूहळू रक्ताच्या खुणेवर गेलो. ती मेलेली होती. त्यांनी मागच्या बाजूने जाऊन काठीने डोळ्याला स्पर्श केला, हालचाल नाही याची खात्री केली, रायफल रिकामी केली आणि टोपी काढली.

मला वाईट वाटलं. ते लपवण्याचं कारण नाही. तिच्या मानेवरचे राठ केस मी हाताने सारखे केले. पण रानकुत्र्यांनी धरलेलं सांबर मी पाहिलं आहे, पाण्यात उभं राहून बराच वेळ जिवंतपणी खाल्लं जाणारं. त्या मरणापुढे हे मरण दयाळू होतं, असं मी मनापासून लिहिते.

"नर का नाही मारत?" मी विचारलं. इथल्या कित्येक शिकाऱ्यांना मोठ्या शिंगांचाच ध्यास असतो. सहा टोकांचा, तीस इंची शिंगांचा नर मिळावा म्हणून माणसं वर्षानुवर्षं हिंडतात.

"शिंगं शिजत नाहीत," यजमान म्हणाले. मग थांबून म्हणाले, "आणि एक नर मेला तर त्याची जागा दुसरा घेतो. रान हलकं करायचं तर मादीच मारायला हवी."

पुढचे काही तास कष्टाचे. आधी त्यांनी कास दाबून दूध नाही ना ते पाहिलं. मग पोट न फोडता पाठीच्या कण्याकडून कातडं सोडवलं, पाठीच्या दोन्ही लांब पट्ट्या काढल्या, मागच्या मांड्या, पुढचे फरे, मान. प्रत्येक तुकडा सुती पिशवीत, म्हणजे हवा लागते आणि माशी बसत नाही. सुरी त्यांनी मधूनमधून दगडावर लावली, घाई कुठेही केली नाही. मांसाचा रंग गडद, जवळजवळ जांभळा, चरबी अगदी थोडी. भाच्याने एक मांडी पाठीवर घेतली तेव्हा तो पुढे झुकला. मी पुढचा फरा मागितला.

"मावशी, तू नको गं. उतार निसरडा आहे."

"मी माझ्या वजनाने चालते, तू तुझ्या वजनाने चाल," म्हटलं, आणि घेतला. मारलेल्या जनावराचं ओझं ज्याने उचललं नाही त्याला त्या मरणाबद्दल बोलायचा अधिकार अर्धाच, असं मला वाटतं.

शुक्रवार, पुन्हा मॅन्सफिल्ड

भाच्याने लोखंडी कॅम्प ओव्हनमध्ये रस्सा केला. भाजलेलं सुकं खोबरं, कांदा, आणि मी नागपूरहून आणलेला काळा मसाला. चरबी नसल्याने मांस लवकर कोरडं पडतं, म्हणून मंद आचेवर तीन तास. यजमानांच्या पत्नीने दुसऱ्यांदा वाढून घेतलं. बाकीचं मांस त्यांनी मुलीकडे, शेजाऱ्यांकडे, गावातल्या एका म्हाताऱ्या विधुराकडे पोचवलं. हौशी शिकाऱ्याला हे मांस विकता येत नाही, वाटता येतं.

रानात जे उरतं त्याचा मात्र मला घोर लागला आहे. आतडी, हाडं कोल्हे आणि रानटी कुत्रे खातात, आणि हे कोल्हेही युरोपातून आणलेले. इथल्या छोट्या प्राण्यांचे वैरी. यजमान ओढ्यापासून दूर नेऊन टाकतात, त्याहून अधिक काही करता येत नाही. शिवाय हौशी शिकारीने एवढ्या मोठ्या डोंगररांगेतली सांबरं आटोक्यात येतील हेही खरं नाही. राज्यातले शिकारी एका वर्षात लाखाहून अधिक हरणं मारतात, तरी सांबर पसरतच आहे. २०१९-२० च्या वणव्यांनंतर उद्यान खात्याने हेलिकॉप्टरमधून हरणं मारली. ते काम शिकाऱ्यांना आवडत नाही, पण रस्ताच नसलेल्या दऱ्यांमध्ये दुसरा उपाय मला दिसत नाही.

माझं मत स्वच्छ झालं आहे. व्हिक्टोरियात सांबर मारणं योग्य आहे, आणि मादी मारणं अधिक योग्य. ते संरक्षित ठेवणारं कलम जायला हवं. आपल्याकडे मात्र १९७२ च्या कायद्याने घातलेली शिकारबंदी तशीच राहायला हवी. आपल्या जंगलात हे काम करायला वाघ आहे, बिबट्या आहे, रानकुत्रा आहे, आणि सांबर कमी झालं की आधी वाघ उपाशी राहतो. जगभरच्या यादीत सांबर २००८ पासून असुरक्षित गणलं जातं. ज्या आशियात ते जन्मलं तिथेच ते घटतं आहे. रानडुकरं आणि रोह्यांनी विदर्भातल्या शेतकऱ्याची जी दैना केली आहे तिचा विचार वेगळा आणि तातडीने व्हायला हवा, पण परदेशातल्या शिकारीचे फोटो दाखवून आपली जंगलं बंदुकांना मोकळी करा म्हणणाऱ्यांनी आधी या डोंगरात चार दिवस हिंडून यावं.

पुढच्या अंकात गिप्सलँडचा समुद्रकिनारा. तिथल्या खारट झुडपांत आपल्या तराईतलं पाढा जातीचं हरीण राहतं. त्याची शिकार फक्त एप्रिलमध्ये चालते, एका शिकाऱ्याला एक नर आणि एक मादी, आणि प्रत्येक पाढा तपासणी नाक्यावर मोजून घेतात.