पोलिसांचंच खरं मानून

लोहखनिजाच्या ट्रकांनी आष्टी–आलापल्ली मार्गाची पार चाळण केली होती. म्हणून आम्ही गावकरी रस्त्याच्या कडेला मंडप टाकून धरणं धरून बसलो. भाषणं झाली, निवेदन दिलं, संध्याकाळी घरी गेलो. पुढे समन्स आले: भादंवि कलम 143, 188, 341 आणि महाराष्ट्र पोलीस कायद्याचं 135.

वाट अडवल्याच्या 341 ला तेव्हा जास्तीत जास्त महिनाभराची साधी कैद होती. तारखा मात्र वर्षानुवर्षं चालल्या. ऐन तेंदूपत्त्याच्या हंगामात तारीख लागली की बायांची मजुरी बुडायची. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या एका पोराला चारित्र्य पडताळणीचा घोर लागला होता. आंदोलनांचे खटले मागे घेण्याचे निर्णय सरकार अधूनमधून काढतं; पण आपली फाइल त्यासाठीच्या समितीपुढे कधी येईल, याचा भरवसा नव्हता. शेवटी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 482 खाली खटला रद्द करण्यासाठी अर्ज केला.

खड्ड्यांचे फोटो आम्ही गठ्ठाभर नेले होते. वकीलसाहेबांनी ते बाजूला ठेवले. भजनलाल खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं 1990 साली घालून दिलेली कसोटी त्यांनी समजावली: पोलिसांनी लिहिलेलं सगळं जसंच्या तसं खरं धरायचं आणि तरीही गुन्हा होतो का, ते पाहायचं.

"मंग आमचं खरं कोन मानन?" आमच्यातल्या एका आजीनं विचारलं.

"मानायची गरजच पडणार नाही, आजी," वकील म्हणाले.

तसंच झालं. मनाई आदेश मोडल्याच्या 188 ची दखल कोर्ट घ्यायचं ते आदेश काढणाऱ्या किंवा त्याच्या वरिष्ठ अधिकाऱ्याच्या लेखी तक्रारीवर. इथं नुसतं पोलिसांचं दोषारोपपत्र होतं. मनाई आदेशाची प्रत जोडलेली नव्हती. अडवलं म्हणावं, तर अडवला गेलेला एकही माणूस कागदावर नव्हता. बेकायदा जमावाला लागणारा बेकायदा उद्देशही कुठे लिहिलेला नव्हता.

खटला रद्द झाला. आदेशात रस्त्याबद्दल अक्षरही नव्हतं, हे काहींना खटकलं. मला नाही. रस्ता मागणारा माणूस आरोपी ठरू नये, एवढंच आम्ही कोर्टाकडे मागितलं होतं. रस्त्याचं नवं निवेदन लिहिलं, तेव्हा खटल्याच्या धाकानं सही टाळणाऱ्यांनी कागद स्वतःहून मागून घेतला.