चार चाकं जमिनीवर!

पाठीवर घर, खिडकीत समुद्र आणि टाकीत मोजून शंभर लिटर पाणी... स्पेनच्या किनाऱ्यावरचे मोटरहोममधले अकरा दिवस.

समोर निळाशार भूमध्य समुद्र. हातात आलं घातलेला वाफाळता चहा. मागे आमचं सात मीटर लांबीचं, भाड्याचं, पांढरंशुभ्र 'घर'. फोल्डिंगच्या दोन खुर्च्या टाकून आम्ही नवरा-बायको मस्तपैकी पाय पसरून बसलेलो. एकदम पोस्टकार्ड! आणि नेमका त्याच फ्रेममध्ये एक पोलीस शिरला.

बार्सिलोना सोडून जेमतेम दुसरा दिवस. आमची स्पॅनिश 'ओला' आणि 'ग्रासियास' यांच्या पुढे गेली नव्हती. पण पोलीसदादा हसत होते. त्यांनी आधी गाडीच्या चाकांकडे बोट दाखवलं आणि अंगठा वर केला. मग खुर्च्यांकडे बोट दाखवलं आणि मान हलवली. आम्ही खुर्च्या आत ढकलल्या, पडदा ओढला, चहा आत नेला. त्यांनी पुन्हा अंगठा दाखवला आणि गेले. दंड नाही, लेक्चर नाही.

याचा अर्थ त्याच रात्री कॅम्पसाइटवर शेजारच्या जर्मन आजोबांनी समजावला. स्पेनमध्ये मोटरहोम 'पार्क करणं' वेगळं आणि 'कॅम्पिंग करणं' वेगळं. गाडी पार्किंगच्या पट्ट्यांच्या आत उभी आहे, फक्त चाकं जमिनीला टेकली आहेत, बाहेर खुर्ची-टेबल-छत काही नाही, खाली पाणी गळत नाही, तर ती इतर कुठल्याही गाडीसारखी एक पार्क केलेली गाडी. आत तुम्ही झोपा नाही तर पोहे करा! तिथल्या वाहतूक खात्याने २००८ मध्ये हे लेखी स्पष्ट केलं आणि २०२३ मध्ये पुन्हा नव्याने सांगितलं. खुर्ची बाहेर आली, की झालं कॅम्पिंग. मग कॅम्पसाइट गाठायची. आणि वाळूवर गाडी घालणं? विसराच. १९८८ च्या किनारा कायद्यानुसार समुद्रकिनारा सगळ्यांचा आहे, म्हणूनच तिथे कुणीही घर मांडायचं नाही. चाकांवरचंसुद्धा!

दीडशे चौरस फुटांचा संसार

आता आम्ही इथे कसे पोचलो ते सांगते. नवरा अमेरिकेच्या वेळेनुसार काम करतो, मी बँकेत. तो झोपायला जातो तेव्हा मी डबा भरते. पुण्यातल्या आमच्या टू बीएचकेमध्ये आम्ही बहुतेक वेळा दारातच भेटतो, एक येताना, एक जाताना. तरी उपाय काय शोधला? थ्री बीएचके! स्पेनहून परतलं की आठ दिवसांत बिल्डरला टोकन द्यायचं, असं ठरलं होतं. वीस वर्षांचं लोन. ही ट्रिप म्हणजे हप्ते सुरू व्हायच्या आधीची शेवटची उधळपट्टी.

आणि मिळालं काय, तर जेमतेम दीडशे चौरस फूट. त्यात बेड, दोन बर्नरची शेगडी, बेसिन, फ्रिज आणि कपाटाएवढं बाथरूम. एक जण उभा राहिला की दुसऱ्याने बसायचं, नाही तर टक्कर! पहिल्या सकाळी माझ्या केसांत शाम्पू आणि नळ कोरडा. शंभर लिटरची टाकी आम्ही एका दिवसात संपवली होती. "तू भांडी नळाखाली का घासलीस?" "तू दाढी करताना नळ का सोडून ठेवलास?" अशी जुगलबंदी रंगली. भांडताना एकाएकी जाणवलं, की कित्येक महिन्यांत आम्ही समोरासमोर धड भांडलोसुद्धा नव्हतो. फोनवर टाइप करून भांडण्यात काय मजा?

मोटरहोममध्ये सगळ्याचा हिशोब असतो. चांगल्या पाण्याची एक टाकी, सांडपाण्याची दुसरी. टॉयलेटखाली वीसेक लिटरची 'कॅसेट', दर दोन दिवसांनी हाताने बाहेर काढून ठरलेल्या जागीच रिकामी करायची. आमच्याकडे पाणी नळातून येतं आणि जाळीतून जातं. कुठून, कुठे, कोण विचारतं? इथे आपण केलेली घाण आपणच उचलून न्यायची. नवऱ्याने हे खातं आपणहून स्वीकारलं. घरी कचऱ्याची बादली दाराबाहेर ठेवायलाही ज्याला तीनदा सांगावं लागतं, तो माणूस चाकांची कॅसेट ओढत शीळ घालत निघालेला पाहणं, हे माझ्या दृष्टीने ट्रिपमधलं पहिलं प्रेक्षणीय स्थळ!

भात, किल्ला आणि टॉवर

बार्सिलोनाहून दक्षिणेला निघालं, की दोन-अडीच तासांत एब्रो नदीचं मुख येतं. इथे मला चक्क कोकण भेटलं. सपाट भातखाचरं, मधून मातीचे बांध, पाण्यात उतरलेलं आभाळ. फक्त बगळ्यांच्या जोडीला फ्लेमिंगो! कापणी नुकतीच उरकली होती. पण दिसतं तेवढं हे निवांत नाही. वरच्या अंगाला मेकिनेन्सा आणि रिबारोखा या धरणांमध्ये नदीचा गाळ अडतो. त्यामुळे मुखाशी नवी माती येत नाही, जमीन खचते आणि समुद्र आत सरकतो. जानेवारी २०२० मध्ये 'ग्लोरिया' वादळात समुद्राचं पाणी तीन किलोमीटर आत, थेट भातशेतीत घुसलं होतं.

पुढचा मुक्काम पेन्यीस्कोला. समुद्रात घुसलेल्या खडकावर गाव आणि गावाच्या डोक्यावर किल्ला. तेराव्या शतकाच्या शेवटी टेम्पलर योद्ध्यांनी तो बांधायला घेतला. पुढे पोपपदावरून भांडण झालेले तेरावे बेनेडिक्ट, म्हणजे 'पापा लूना', इथे येऊन राहिले. सगळ्या युरोपने साथ सोडली तरी 'खरा पोप मीच' हे त्यांनी शेवटपर्यंत सोडलं नाही. हट्टी माणसाला बाल्कनीतून इतका सुंदर समुद्र दिसत असेल, तर तो का हटेल?

व्हॅलेन्सियाजवळच्या आल्बुफेरा सरोवराकाठी पाएया खाल्ला. पाएया तिथे दुपारीच खातात आणि निदान दोघांसाठी करतात. अस्सल व्हॅलेन्सियाचा पाएया म्हणजे कोंबडी, सशाचं मटण, घेवड्यासारख्या शेंगा आणि केशर. मासे-कोळंबी नाही! आणि तळाशी लागलेला खरपूस थर, 'सोकारात', हा खरा मान. म्हणजे आपली खरवड! आजीच्या पातेल्यात ती खरवडायला आम्ही भावंडं भांडायचो. इथे आम्ही दोघं चमच्यांनी लढलो. याच व्हॅलेन्सिया प्रांताने २९ ऑक्टोबर २०२४ च्या महापुरात दोनशेहून जास्त माणसं गमावली. व्हॅलेन्सियात कुणाशीही पाच मिनिटं बोललं, की ती तारीख निघतेच.

मग बेनिडॉर्म. १९५० च्या सुमारास हे मासेमारीचं गाव होतं. आज समुद्राकाठी टॉवरच टॉवर, त्यात १८६ मीटर उंचीचं हॉटेल. बघून आधी नाक मुरडलं. पण नंतर जवळपासच्या टेकड्यांवर पसरलेल्या बंगल्यांच्या रांगा पाहिल्या आणि वाटलं, टॉवरने निदान जागा तरी कमी खाल्ली!

जिथे पाऊसच विसरला

सगळ्यात आवडलं ते काबो दे गाता. आल्मेरियाजवळचा हा ज्वालामुखीच्या खडकांचा किनारा १९८७ पासून संरक्षित आहे. वर्षाला पाऊस जेमतेम २०० मिलीमीटर. मोन्सुलच्या किनाऱ्यावर एकही हॉटेल नाही, शॅक नाही, फक्त काळा खडक आणि पाणी. संरक्षित भागात रात्रीचा मुक्काम कॅम्पसाइटवरच. एव्हाना आम्ही तयार झालो होतो. भांडी आधी पुसायची, मग वाटीभर पाण्यात धुवायची. शंभर लिटर आता तीन दिवस पुरत होतं.

त्या रात्री खिचडी टाकली आणि कॅम्पसाइटवर (खुर्च्या बाहेर, कायदेशीर!) बसलो. नवरा म्हणाला, "अगं, आपल्याला तिसरी खोली नक्की कशाला हवीय?"

मी बरीच कारणं सांगितली. पाहुणे, स्टडी, इन्व्हेस्टमेंट... सांगता सांगता थांबले. कारण तिसऱ्या खोलीत बसून आम्ही एकमेकांना आणखी एका भिंतीआडून हाका मारणार होतो, एवढंच.

दुसऱ्या दिवशी आल्मेरियाची प्लास्टिकची ग्रीनहाउसेस लागली. तीस हजार हेक्टरांहून जास्त! युरोपच्या हिवाळ्यातले टोमॅटो-काकड्या इथून जातात आणि आत राबणाऱ्यांत आफ्रिकेतून आलेले मजूर खूप. मग नेऱ्हाचे कडे आणि शेवटी मालागा. गाडी परत करताना कंपनीच्या मुलीने सगळं तपासलं, टाक्या रिकाम्या, कॅसेट स्वच्छ. "फर्स्ट टाइम?" तिने विचारलं. नवऱ्याची कॉलर ताठ!

टोकन आम्ही दिलं नाही. नवऱ्याने शिफ्ट बदलून मागितली. महिन्याचा नाइट अलाउन्स गेला, त्यावरून सासूबाईंनी चार शब्द ऐकवलेसुद्धा. पण आता रात्री नऊला आम्ही एकाच टेबलावर जेवतो. भांडी तो घासतो. नळ बंद ठेवून!

जाताय? हे लक्षात ठेवा

• आरटीओतून इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट काढा. मूळ लायसन्सही जवळ हवं. भाड्याने देणारे बहुतेक जण वयाची पंचविशी आणि क्रेडिट कार्डावर डिपॉझिट मागतात.

• स्टिअरिंग डावीकडे, गाडी उजवीकडून. पहिला दिवस छोट्या अंतराचा ठेवा.

• गाडीची उंची जवळपास तीन मीटर असते. सुपरमार्केटच्या पार्किंगचे आडवे बार पाहूनच आत शिरा.

• एपी-७ हायवेचा तारागोना ते आलिकांते टप्पा २०२० पासून आणि फ्रान्सच्या सीमेपासून तारागोनापर्यंतचा २०२१ पासून टोल-फ्री आहे. मालागाच्या पश्चिमेला मात्र टोल लागतो.

• रात्रीच्या पार्किंगबाबत गावागावांचे नियम वेगळे असतात, पाट्या वाचा. पासपोर्ट, पैसे गाडीत ठेवून फिरायला जाऊ नका.

• ऑगस्ट टाळा, गर्दी आणि दर दोन्ही चढलेले असतात. सप्टेंबर-ऑक्टोबर बेस्ट!