ताटात उरलेला घास

आपल्याकडची बरीच मंडळी सुरतेला मागावर, मिलमध्ये कामाला जातात. मी मात्र ओलपाड तालुक्यात झिंगा तलावावर आहे. झिंगा म्हणजे आपली कोळंबी. गावी आलो की लोक विचारतात, "दिवसभर करतोस काय?" मी सांगतो, "जेवायला वाढतो."

हे वाढणे मोजूनमापून असते. एकूण खर्चात निम्म्याहून अधिक वाटा खाद्याचाच. कमी पडले तर वाढ खुंटते. जास्त झाले तर ते तळाशी कुजते, अमोनिया वाढतो, पाण्यातला प्राणवायू घटतो. पहाटे तो सर्वांत कमी असतो.

म्हणून चेक ट्रे. जाळीच्या ताटलीत थोडे खाद्य घालून ती तळाशी सोडायची आणि दोनेक तासांनी वर काढायची. रिकामी निघाली तर पुढच्या वेळी थोडे वाढवायचे, उरले असेल तर कमी करायचे. ढगाळ दिवसांत आणि कात टाकताना झिंगा कमी खातो. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास कात जास्त पडते, म्हणून खाद्याच्या खोलीत आमची दिनदर्शिका टांगलेली असते.

एका पावसाळ्यात चार दिवस ऊन नव्हते. ताटल्या भरलेल्याच वर येत होत्या. मालक म्हणाले, "भाव चांगला आहे, वजन भरू द्या." मी ताटल्या त्यांच्यापुढे ठेवल्या. दोन वेळचे खाद्य बंद झाले, पाणी घुसळणारे पंखे रात्रभर चालले. शेजारच्या तलावावर पोती फुटतच होती. तिसऱ्या पहाटे तिथला झिंगा काठाशी येऊन तडफडत होता. मालकाचे भांडवल गेले आणि मजुरांचा हिशेबही अडकला.

आईला हे पटत नाही. "मुक्या जिवाला पोटभर घालावं," असे ती म्हणते. पोटभर घालावेच, पण पोट केवढे, ते आधी पाहावे.

गावी शेततळ्यात रोहू, कटला सोडणाऱ्यांनाही हेच सांगतो. भाताचा कोंडा आणि शेंगदाण्याची पेंड समभाग घ्या, भोके पाडलेल्या पोत्यात भरून बांबूला टांगा. पंधरवड्याने जाळे टाकून काही माशांचे वजन करा. सरासरी 200 ग्रॅमचे 1000 मासे म्हणजे 200 किलो. दोन टक्क्यांनी दिवसाला 4 किलो खाद्य झाले. आभाळ भरून आले तर त्याहून कमी. आणि कालच्या पोत्यात काय उरले, ते पाहिल्याशिवाय आजचे भरू नका.