काचेच्या हौदांतील एकत्र कुटुंब

घरांत शोभेचे मासे पाळण्याची हौस आतां नवी राहिलेली नाहीं. परंतु आमच्या दिवाणखान्यांतील काचेच्या हौदांत जे मासे आहेत, त्यांना केवळ शोभेचे म्हणतां येत नाहीं. आफ्रिकेंतील मलावी सरोवर, ज्यास पूर्वीं न्यासा म्हणत, तें त्यांचें मूळचें घर. हें सरोवर सुमारें ५८० किलोमीटर लांब व ७०० मीटर खोल असून सिक्लिड कुळाच्या शेंकडों जाती तेथें नांदतात. त्यांतील खडकांच्या आश्रयानें राहणाऱ्यांना तिकडे ‘म्बुना’ म्हणतात. कोणी हळदीसारखा पिवळा, कोणी आकाशासारखा निळा, तर कोणाच्या अंगावर काळे पट्टे! पाहुणे पाहतांच हरखून जातात.

पण हा रंग म्हणजे नुसतें सौंदर्य नव्हे. तो अधिकार आहे. पुष्कळ जातींत ज्या नराची सत्ता चालते, तोच पूर्ण तेजानें झळकतो. त्याच्या धाकांत वावरणारा दुसरा नर फिकट पडतो. दांडग्याला दूर करावें, कीं तोच फिकट नर रंग धरूं लागतो. रंग त्याच्या अंगीं होताच. तो दाखविण्याची सोय नव्हती, इतकेंच. मोठ्या कुटुंबांत वाढलेल्या वाचकांस याची अधिक फोड करून सांगावयास नको.

मादीची तऱ्हा निराळी. ती आपलीं अंडीं तोंडांत घेते, पिलें पोहूं लागेपर्यंत सुमारें तीन आठवडे तेथेंच सांभाळते, आणि त्या काळांत बहुधा कांहीं खात नाहीं. पुतण्यानें हें सांगितलें तेव्हां थोरल्या काकू एवढेंच म्हणाल्या, “बाई उपाशी आहे, हें कोणाच्या ध्यानांत तरी येतें का रे?” आम्ही पुरुषमंडळी गप्प बसलों.

यांची व्यवस्था नेटकी ठेवावी लागते. पाणी जड व क्षारधर्मी हवें, उष्णता २४ ते २८ अंश. खडकांवरील शेवाळ हें त्यांतील बहुतेकांचें अन्न. मांसाचें खाद्य फार झालें तर पोट फुगून मासा दगावतो. हौद निदान चार फूट लांब असावा, व एका नरामागें तीन-चार माद्या असाव्यात. मासे अगदींच थोडे ठेवले, तर दांडग्याचा सारा राग एका दुबळ्यावर निघतो. बरेच असले म्हणजे तो वांटला जातो. मात्र मग पाणी गाळण्याची व नियमानें बदलण्याची दक्षता दुप्पट हवी.

सर्वांत महत्त्वाचे ते दगड. ते असे रचावे, कीं प्रत्येकास लपावयास एक कपार मिळेल. ज्याला आडोसा नाहीं, तो मार खाऊन मरतो. आमच्या हौदांत मासे कमी व दगडच अधिक दिसतात, अशी पाहुण्यांची तक्रार असते. परंतु त्या कपारींतून एखादें नखाएवढें पिलूं डोकावतें आणि पुनः आंत जातें. तेवढ्यासाठीं ती तक्रार आम्ही आनंदानें ऐकून घेतों.