ट्रेडलचे हप्ते

कागदाची रीम म्हणजे 500 ताव, एवढं आमच्या छापखान्याच्या धाकट्या मालकांना माहीत होतं. त्यातले काही ताव मशीनवर मरायचेच, हे मात्र त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही. वेस्टेज म्हणजे कामगारांची चोरी, असं त्यांचं ठाम मत. 1994 च्या दिवाळीत एका अंकाचं काम आलं. 208 पानं, 5000 प्रती. सोळा पानांचा फर्मा धरला तर 13 फर्मे, 65,000 ताव, बरोब्बर 130 रिमा. त्यांनी कॅल्क्युलेटरवर आकडा काढला आणि तेवढ्याच मागवल्या. मी म्हटलं, निदान चार जास्त घ्या. शाई सारखी बसेपर्यंत दर फर्म्याला शे-दीडशे ताव जातातच. "मला गणित शिकवू नका," म्हणाले. शेवटचा फर्मा लागला तेव्हा तीन हजार प्रती निघतील एवढाच कागद शिल्लक. दिवाळीच्या तोंडावर त्याच मेळाचा कागद मिळणार कुठून? दोन हजार अंकांची शेवटची सोळा पानं पिवळट निघाली. संपादक तणतणत आले, तर मालक "मशीनमनने घोळ घातला" म्हणून मोकळे. मशीनमन तिथेच उभा होता, कोपरापर्यंत शाईने माखलेला. काही बोलला नाही. पोटापाण्याचा प्रश्न होता.

स्वतःचा छापखाना काढायचं त्या दिवाळीनंतर डोक्यात घोळू लागलं. दर आमचे मीच काढायचो, प्रुफं मी बघायचो, गिऱ्हाइकं मलाच हाक मारायची. मालक केबिनमध्ये बसून, आपल्याला सगळ्यांनी 'सर' म्हणावं एवढ्यावर लक्ष ठेवून असत. नारायण पेठेतल्या वाड्याच्या तळमजल्यावर, छपाईच्या खिळ्यांच्या केसा अजून भिंतीला टेकून ठेवलेल्या, आणि तिथे 'सर'!

अडत होतं ते थोरल्या मालकांपाशी. ते जाऊन तीन-चार वर्षं झाली होती, पण मला उलटे खिळे सुलटे वाचायला त्यांनी शिकवलं होतं. कॉलेज अर्धवट सोडून आलेल्या पोराला त्यांनी आधी झाडू दिला, मग खिळे जुळवायची स्टिक दिली, आणि मग प्रुफं. जावजी दादाजींची गोष्ट त्यांची लाडकी. जावजी लहान वयात अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टाइप घासायला लागले, 1864 मध्ये त्यांनी स्वतःची टाइप फाउंड्री काढली आणि 1869 मध्ये निर्णयसागर उभा केला. "कामाला लागलेला पोरगा मालक होतो तो असा," असं थोरले मालक सगळ्यांना ऐकवत. त्यांच्याच समोरच्या गल्लीत मी पाटी लावली असती, तर त्यांना ती गोष्ट तेवढीच आवडली असती का, कोण जाणे. ज्याचं मीठ खाल्लं त्याच्या दारात दुकान मांडायचं, ही बोच होती. शिवाय खिशात दमडी नव्हती. 1867 च्या कायद्याप्रमाणे दंडाधिकाऱ्यांपुढे छापखान्याचं प्रतिज्ञापत्र करता आलं असतं. त्याला काय लागत होतं? पण छापायचं कशावर?

पुढच्या पावसाळ्यात धाकट्या मालकांनी जुनं ट्रेडल भंगारात काढायचं ठरवलं. ऑफसेट आल्यावर ट्रेडल हा त्यांना डबा वाटे. खरं तर बिलबुकांना नंबर टाकायला, परफोरेशन मारायला, लग्नपत्रिकेच्या पाकिटावर नाव छापायला त्याच्यासारखं मशीन नाही. जड चाक फिरतं, जबडा उघडतो, माणूस एका हाताने कागद ठेवतो, दुसऱ्याने काढतो, आणि जबडा मिटायच्या आत हात बाहेर. रोजची रोख कमाई त्याची होती. भंगारवाला येऊन वजनाचा अंदाज घेऊन गेला, त्याच संध्याकाळी काकूंनी मला वर बोलावलं.

काकू म्हणजे थोरल्या मालकांच्या पत्नी, धाकट्यांच्या आई. तरुणपणी दिवाळीच्या हंगामात रात्र-रात्र फर्म्यांच्या घड्या घातलेल्या. धंदा त्यांना आम्हा सगळ्यांपेक्षा जास्त कळत होता. विचारत कुणी नव्हतं, एवढंच. चहाबिहा काही नाही. त्या तांदूळ निवडत होत्या.

"तू स्वतःचं काढतोयस ना?"

मी गप्प.

"मान खाली घालू नकोस, मी काही ओरडणार नाही. ट्रेडल घेतोस का? भंगारवाला सांगतोय त्याच्या दुप्पट द्यायचे. हप्त्याने दे. व्याज नको, पण दर महिन्याच्या पाच तारखेला पैसे इथे आले पाहिजेत."

दुप्पट ऐकून मी गांगरलो. घासाघीस करायचा प्रयत्न केला, तर त्यांनी सुपातला खडा काढून बाजूला टाकला आणि म्हणाल्या, "चालू मशीन आहे. बाजारात विचारून ये." मी विचारून आलो. भाव रास्त होता. ना त्यांनी उपकार केले होते, ना मला लुटलं होतं.

मग अटी. या दिवाळीचे अंक बाहेर पडेपर्यंत मी हलायचं नाही. इथला एकही कामगार फोडायचा नाही. "आणि गिऱ्हाइकं?" मी विचारलं. "त्यांना पाय असतात, ती कुठेही जातील. कामगाराला पोट असतं." शेवटची अट त्यांनी सूप हलवता हलवता सांगितली. "लेकाला कळता कामा नये की मी बोलावून दिलं. तूच मागायला आलास, असं म्हणायचं. आईने आपल्याला ओळखलंय, हे त्याला कळायला नको."

त्या हंगामात कागदाच्या गाडीतून दर कामाला चार-पाच रिमा जास्तीच्या उतरायच्या. बिल वेगळं, काकूंच्या नावाचं. धाकट्या मालकांना वाटलं, या वर्षी आपण कामगारांची चोरी बंद केली.

दिवाळी उलटली आणि मी निघालो. धाकटे मालक बोलायचे ते बोलले. म्हातारीला गोड बोलून मशीन लाटलं, असं त्यांनी अख्ख्या अप्पा बळवंत चौकात पसरवलं. दोन कागदवाल्यांनी त्यामुळे मला उधारीवर माल द्यायला काचकूच केली. मी खुलासा केला नाही. हप्ता मात्र एकही चुकला नाही. काकू नोटा मोजून घेत आणि छापखान्याच्या जुन्या लेटरहेडवर पावती देत. शेवटच्या हप्त्याला मी पेढे नेले होते, तर म्हणाल्या, "पेढ्यांचे पैसे कुठे लिहिलेस? धंद्यातून काढलेस की खिशातून?" माझ्या हिशेबात खासगी आणि धंद्याचा खर्च तेव्हापासून वेगळा आहे.

काकू आता नाहीत. वाड्याच्या जागी इमारत झाली, छापखाना त्याआधीच बंद पडला, म्हणून हे लिहायला आता हरकत नाही असं मी समजतो. मधल्या काळात धाकटे मालक एकदा माझ्याकडे आले होते, बिलबुकांना नंबर टाकून घ्यायला. त्यांच्याकडे ते करणारं मशीन राहिलं नव्हतं. ट्रेडलपाशी उभं राहून ते माझ्या पोराला म्हणाले, "हे आमचं आहे बरं का. यांनी आमच्या आईकडून काढून घेतलं." पोराने माझ्याकडे पाहिलं. मी त्याला चहा सांगायला पाठवलं. काम झालं, बिल दिलं, "पाठवतो," म्हणाले. ते पैसे अजून यायचेत. दर मार्चअखेरीला अकाउंटंट त्या रकमेवर बोट ठेवून विचारतो, ही बुडीत धरायची का? मी त्याला सांगतो, राहू दे, पुढच्या वर्षात ओढ.